क्लच कधी घसरतो त्याची नोंद

१ एप्रिल २०२५, मंगळवार

मल्हार फिटरच्या सांगण्यावरून ही वही सुरू करतोय. दहावीनंतर सहीशिवाय फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर वाकडं येणार. वही म्हणजे डायरीच आहे. महादेवप्पा शेठनी नव्या वर्षाला सगळ्या गाडीवाल्यांना वाटली होती, ती तीन महिने गाडीच्या खणात पडून होती.

वहीवर नाव असावं म्हणून लिहितो. बिभीषण, मूळ सांगोल्याकडचा, आता सोलापूर. स्वतःची डिझेल पिकअप. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेठच्या कारखान्यातून टॉवेल-चादरी भरायच्या आणि मोहोळ, टेंभुर्णी, जेऊर, करमाळा इथल्या दुकानांना पोचवायच्या, हे काम. स्टिअरिंग धरून सव्वीस वर्षं झाली.

तर गाडीचा क्लच घसरतोय. पाय दिला की इंजिन ओरडतं, पण गाडी तेवढी पळत नाही. ताकद मधेच कुठंतरी सांडते. प्लेट जुनी असती तर समजलो असतो. पण प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिन्ही फेब्रुवारीच्या शेवटी नवीन टाकलीत. कंपनीचं यायला वेळ होता म्हणून बाजारातलं बाहेरचं टाकलं. मल्हारला वाटतं तेच डुप्लिकेट निघालं.

आज त्यानं हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन जागच्या जागी गचकन बंद पडलं.

"बघा दादा, धरतोय की. घसरत असता तर इंजिन चालूच राह्यलं असतं. तुमच्या हातात बिघडती अन् माज्या हातात शाण्यासारखी वागती. आता असं करा, कवा घसरला, माल किती हुता, चढ हुता का सपाट, वास आला का, समदं लिवून ठेवा."

म्हणून हे लिहिणं.

२ एप्रिल, बुधवार

टेंभुर्णी. माल सव्वा टन. निघताना ठीक. मोहोळ सोडल्यावर सपाट रस्त्याला दोनदा घसरला. जळका वास. टेंभुर्णी गावात शिरल्यावर, थांबत-थांबत जाताना, एकदाही नाही. मला वाटलं होतं थांबण्या-निघण्यात जास्त घसरेल. उलटंच आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

फक्त मोहोळ. घसरला नाही. असं झालं की मीच खोटारडा वाटायला लागतो.

७ एप्रिल, सोमवार

जेऊर. माल दीड टन. तीनदा घसरला, तिन्ही वेळा लांब सरळ रस्त्याला.

एक गंमत झाली. दुकानाच्या मागच्या फरशीवर माल उतरवताना तिथला हमाल म्हणला, "मालक, एकच चप्पल घालून आलाय व्हय?" बघतो तर डावा पाय अनवाणी. गाडीतून उतरून, अंगण ओलांडून, पावती घेऊन परत येईपर्यंत मला पत्ता नाही. चप्पल गाडीतच पेडलाखाली पडली होती. ऊन असं होतं की हमाल पोत्यावर पाय ठेवून उभे होते. ते हसले, मीही हसलो. क्लचच्या काळजीनं डोकं ठिकाणावर नाही.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी मोरीपासून दारापर्यंत फरशीवर रक्ताचे गोल डाग. केराबाई, माझी बायको, म्हणली मांजरानं उंदीर मारून ओढत नेला असेल. तिनं पुसून काढले. टाचेला भेग पडलीय, उन्हाळ्यात पडतेच. दुखत नाही हे बरं.

दुपारी मल्हारनं माल भरलेली गाडी स्वतः मोहोळपर्यंत नेली. मी शेजारी. जाता-येता एकदाही घसरला नाही. मी बाहेर बघत बसलो. सहा वर्षं मी या गाडीला पोरीसारखं सांभाळलं, आणि ती त्याच्या हातात गुमान चालते. वाईट वाटलं, हे दुसऱ्या कुणाला सांगणार नाही म्हणून इथं लिहितो.

१५ एप्रिल, मंगळवार

आज घडलं ते लगेच लिहून ठेवतो.

कारखान्याचं गोडाऊन रस्त्यापेक्षा खाली आहे. माल भरून रस्त्यावर यायला सिमेंटचा चढ चढावा लागतो. संध्याकाळची पाळी सुटली होती, रस्ता कामगारांच्या सायकलींनी भरलेला. मी पहिल्यात घेतली. अर्ध्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी उभी राहिली, आणि हळूहळू मागं यायला लागली. ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. थांबली. पण तेवढ्यात मागून कडाडकन आवाज आला.

माझ्या मागून चढ चढत सायकल हातात धरून बजाबाई येत होती. कांड्या भरायच्या खात्यातली, साठीला आलेली बाई. सायकलीचं पुढचं चाक गाडीखाली गेलं होतं. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, डबा छातीशी धरून. तिच्यात आणि गाडीच्या मागच्या फाळक्यात हातभराचं अंतर.

मी खाली उतरलो तर ती मलाच म्हणली, "तुमाला लागलं न्हाय न्हवं?"

मी तिची सायकल बाहेर ओढली. चाक नवीन बसवून दिलं. पण हातभर म्हणजे किती, ते सारखं डोळ्यापुढं येतंय.

१६ एप्रिल, बुधवार

मल्हारनं गिअरबॉक्स उतरवला. त्यानं प्लेट उजेडात धरली. सात आठवड्यांत काळी पडलेली, रिबिटांपर्यंत झिजलेली. तेल गळून प्लेटवर आलं का, बघितलं, सील कोरडं. फ्लायव्हील सरळ. पेडलाची मोकळीक बरोबर. वरचा मास्टर सिलिंडर दाब धरून ठेवतो का, ते बघितलं; पेडल सोडलं की तोही दाब सोडतोय, म्हणजे तोही ठीक.

"मला आता कळंना झालंय," तो म्हणला. "हे समदं घेऊन रत्नम्मा अक्काकडं जावा. ती प्लेटीला हात लावून सांगती."

१७ एप्रिल, गुरुवार

आज जे बघितलं ते नीट लिहायचा प्रयत्न करतो.

अक्कलकोट नाक्याच्या आतल्या बोळात पत्र्याचं दुकान. पाटीवर 'क्लचप्लेट रिबीट करून मिळेल' एवढंच. आत एक बाई पाटावर बसलेली, पन्नाशी ओलांडलेली, कपाळाला विभूती, पुढ्यात लोखंडी ऐरण. हीच रत्नम्मा. नवऱ्यानं दुकान काढलं, तो जाऊन नऊ वर्षं झाली, पण रिबीट मारायचं काम ती त्याच्या आधीपासून करते, असं शेजारचा पंक्चरवाला म्हणला.

मी जाऊन उभा राहिलो तेव्हा ती एका ट्रकच्या प्लेटीला नवं लायनिंग, म्हणजे वरचा घासणारा थर, बसवत होती. डाव्या हातानं प्लेट फिरवायची, उजव्या हातानं तांब्याचा रिबीट टाकायचा, दोन ठोके, पुढचा. मोजत नव्हती, बघत नव्हती. झाल्यावर प्लेट एका बोटावर टांगली आणि हातोडीच्या दांड्यानं टिचकी मारली. प्लेट वाजली. तिनं मान हलवली, एक रिबीट काढला, परत मारला, परत टिचकी. आता आवाज वेगळा आला. मला फरक कळला नाही, पण कळला नाही म्हणूनच मी बघत राहिलो. सव्वीस वर्षं ही वस्तू माझ्या पायाखाली होती आणि ती वाजते हे मला ठाऊक नव्हतं.

मग तिनं माझी प्लेट घेतली. आधी वास घेतला.

"ही एकदम जळाली न्हाय," ती म्हणली. तिचं मराठी कन्नड वळणाचं, प्रत्येक शब्दाला थांबून. "हळूहळू शिजली."

"डुप्लिकेट माल हाय न्हवं अक्का?"

"माल चांगला हाय." तिनं लायनिंगवरून अंगठा फिरवला. "नोड्रि, बघा. दोन्ही बाजू सारखी गेली. माल वाईट असता तर तुकडं पडलं असतं. तेल लागलं असतं तर चकाकी आली असती. बेअरिंग द्या."

बेअरिंग तिनं कानाशी धरून फिरवलं. किती वेळ फिरवत होती. मग प्रेशर प्लेटच्या मधल्या पात्यांची टोकं दाखवली. घासून आरशासारखी झालेली, बोट ठेवलं तर खड्डा लागत होता.

"हे बेअरिंग कवा फिरतंय ठावं हाय का? पेडलवर पाय असंल तवाच. गिअर टाकताना, बास. हे सात आठवड्यांत पाच वरसाइतकं फिरलंय."

तिनं तीन वस्तू माझ्यापुढं ओळीनं मांडल्या आणि समजावून सांगितलं. एका अंगाला इंजिन, एका अंगाला चाकं, मधे ही ताटली. पाय उचलला की ताटली दोघांना धरते. कशानं धरते? खिळा नाही, दात नाहीत, साखळी नाही. नुसती घट्ट टेकते. त्या टेकण्यावर गाडी, माल, माणसं, सगळं चालतं. पेडलवर बोटभर जरी भार पडला तरी टेकणं सैल होतं आणि ताटली घासत राहते.

मी ऐकत राहिलो. इतका माल मी नुसत्या टेकण्यावर करमाळ्यापर्यंत नेत होतो.

"मग तुमी पेडलवर पाय ठेवून गाडी चालवताय," ती म्हणली.

मला राग आला. नवशिके असं करतात. मी म्हणलं, अक्का, सव्वीस वर्षांत कुणी मला हे बोललेलं नाही. माझा पाय खाली फळीवर असतो.

ती वाद घालत बसली नाही. हातातली वही बघून म्हणली, "ते काय?" मी सांगितलं. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवायला लावलं. मी फक्त घसरल्याचं वाचत होतो. ती म्हणली, मधलं सोडू नका. म्हणून चप्पल हरवल्याचं वाचलं. रक्ताच्या डागांचं वाचलं. ती हसली नाही. हातोडी खाली ठेवली.

"शनवारी मल्हारला घेऊन या. गाडीला एक दिवा लावू."

कसला दिवा, विचारलं तर म्हणली, तवा बघा.

१८ एप्रिल, शुक्रवार

नव्या लायनिंगची प्लेट, नवी प्रेशर प्लेट आणि नवं बेअरिंग बसलं. केराला सांगितलं की ती बाई माझ्यावर आळ घेतीय. केरा शिवणयंत्रावर टॉवेलच्या कडा मारत होती. म्हणली, "मग दिवा लावू द्या की. खोटं असंल तर तिचंच त्वांड बंद हुईल."

१९ एप्रिल, शनिवार

मल्हारनं ब्रेकलाइटचं जुनं बटण क्लचच्या पेडलाला बसवलं आणि त्याची वायर समोर एका छोट्या लाल दिव्याला जोडली. पेडल बोटभर जरी दबलं तरी दिवा लागणार. रत्नम्मा मधे बसली, मल्हार खिडकीशी, मी स्टिअरिंगला. सकाळी नऊ वाजता अक्कलकोट रोडनं वळसंगकडं निघालो. मागं शेठच्या चादरींच्या गाठी.

गावातून बाहेर पडेपर्यंत दिवा गिअर टाकताना लागायचा, सोडला की विझायचा. मी मनात म्हणलं, झालं, अक्कांची खात्री पटली. कुंभारीच्या पुढं रस्ता मोकळा झाला. चौथा टाकला. दिवा लागला, विझला.

थोड्या वेळानं दिवा परत लागला. विझला नाही.

"अक्का, वायर हलली वाटतं," मी म्हणलं.

"वायर ठीक हाय. तुमचा डावा पाय कुटं हाय?"

"खाली. फळीवर."

"बघा."

मी मान खाली घातली. माझा डावा पाय पेडलवर होता.

हे कसं लिहू कळत नाही. पाय माझा होता, चप्पल माझी होती. पण मला तो फळीवर वाटत होता आणि डोळ्यांना तो पेडलवर दिसत होता. देवळातल्या गर्दीत दुसऱ्याचा पाय आपल्या शेजारी यावा, तसा तो तिथं होता. मी उचलला. दिवा विझला. फळीवर ठेवला, आणि आता काही झालं तरी तिथून हलवायचा नाही, असं ठरवून चालवायला लागलो. सगळं ध्यान त्या पायावर. दोन मैल गेले नसतील.

दिवा लागला.

मी खाली बघितलं नाही. बघायचं धाडस झालं नाही. मला फळीच जाणवत होती. दिवा लाल होता. इंजिनाचा आवाज वर चढत होता. मल्हार खिडकीबाहेर बघत होता.

"बाजूला घ्या," रत्नम्मा म्हणली.

एका लिंबाखाली थांबलो. तिनं मला दार उघडून पाय बाहेर सोडून बसवलं, चप्पल काढली आणि स्वतः रस्त्याकडेला खाली बसली. मला लाज वाटली, वयानं मोठी बाई माझ्या पायाशी. डोळे मिटा म्हणली. कोणत्या बोटाला हात लावते ते सांगा.

मी डोळे मिटून वाट बघितली. बरंच बघितली.

"लावा की अक्का."

"पाची बोटं दाबून झाली," ती म्हणली.

मी डोळे उघडले. तिनं माझं करंगळीचं बोट चिमटीत धरलेलं होतं, इतकं घट्ट की तिची नखं पांढरी झाली होती.

मग तिनं टाच वर करून बघितली आणि मल्हारला हाक मारली. चप्पल आतून ओली होती. तिनं गाडीचा छोटा आरसा काढायला लावला आणि मला माझीच टाच दाखवली. भेग नव्हती ती. रुपयाएवढी जखम, खोल, कडा पांढऱ्या, आणि आत एक बारीक खडा रुतलेला. जेऊरच्या अंगणातला असेल. बारा दिवस तो माझ्याबरोबर करमाळ्यापर्यंत हिंडला.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

नाही. हे सगळ्यात वाईट होतं. अजिबात नाही.

"मी डॉक्टर न्हाय," ती उठत म्हणली. "पर आज घरी जाऊ नका. सरळ दवाखान्यात."

परत येताना मल्हार चालवत होता. दिवा फक्त गिअर टाकताना लागत होता.

२२ एप्रिल, मंगळवार

तीन दिवस दवाखान्यात. केरा वही घेऊन आली, मी मागितली म्हणून.

शुगर चारशेच्या वर निघाली. कधीपासून आहे कुणाला माहीत, मी कधी तपासलीच नव्हती. तहान लागायची, मी म्हणायचो सोलापूरचं ऊन. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी एक नायलॉनचा धागा आणला, मासे धरायच्या दोरीसारखा, आणि तळपायाला दहा ठिकाणी टेकवला. कळलं की 'हो' म्हणायचं. डाव्या पायाला मी दोनदा 'हो' म्हणलो. त्यातलं एकदा त्यांनी धागा लावलाच नव्हता, म्हणजे खरं एकच. उजव्याला सहा.

उजव्याला सहा. ब्रेक उजव्या पायाखाली असतो. बजाबाईच्या वेळी त्या पायानं गाडी थांबवली, की नशिबानं तो बरोबर जागी पडला, हे मला आता कधी कळणार नाही.

डॉक्टरीणबाई म्हणल्या, शुगरनं पायाच्या नसा हळूहळू मरतात. दुखणं जातं, म्हणून माणसाला बरं वाटतं. जखम हाडापर्यंत पोचायला आली होती. अजून दोन आठवडे तसेच गेले असते तर पंजा काढावा लागला असता.

"तुम्हाला इकडे पाठवलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"क्लचप्लेटवालीनं."

त्यांनी लिहिणं थांबवलं. मी सगळं सांगितलं, बेअरिंगचं, दिव्याचं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणल्या, "मी सहा वर्षं शिकले. पण पेशंट माझ्यासमोर बसून पाय दाखवतो तेव्हा मला कळतं. त्यांनी पाय न बघता ओळखलं."

संध्याकाळी छताकडं बघत पडलो होतो. एक बाई पाटावर बसून लोखंडाचा तुकडा कानाशी फिरवते आणि तिला माझ्या अंगातलं ऐकू येतं. माझ्या स्वतःच्या अंगातलं मला आलं नाही.

२ मे, शुक्रवार

घरी आलोय. डावा पाय उशीवर. खाली टेकवायचा नाही, रोज मलमपट्टी, दोन वेळा सुई. रोज आरशात तळपाय बघायचे, कारण आता जे पायानं सांगायचं ते डोळ्यांनी बघायचं आहे.

मल्हार येऊन गेला. गाडी त्यानं घरासमोर आणून लावलीय. म्हणला, "दादा, मी दोन महिने त्या प्लेटला शिव्या दिल्या. ती बिचारी निम्म्या पकडीवर दीड टन वढत हुती."

गाडी कधी चालवता येईल, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. मीच विचारलं नाही. उत्तर ठाऊक आहे. डावा पाय भरून येईल, पण मेलेल्या नसा बहुतेक परत येत नाहीत.

४ मे, रविवार

केराशी भांडण झालं. ती म्हणली, "गाडी हुबी राह्यली की टायर वाळत्यात. मी शिकती."

मी म्हणलं, हे तुझ्यानं व्हायचं नाही. त्रेचाळीस वय, करमाळ्यापर्यंतचा रस्ता, ट्रकवाले कसे असतात तुला माहीत नाही. लोक काय म्हणतील हेही म्हणलं. ते म्हणायला नको होतं.

ती टॉवेलची घडी घालत होती. घडी पुरी केली. "माज्या बाची मेंढरं घिऊन मी चौदाव्या वरसी सांगोल्याहून कोकणाच्या तोंडापातूर चालत गेली हुती. ट्रकवाले तवा बी हुते. अन् शिलाईच्या मशीनचं पेडल बावीस वरसं दाबतीय ते काय लोकांच्या पायानं?"

मी पाय उशीवर नीट ठेवला. मनात अजूनही वाटतं, नको. यातलं किती तिच्या काळजीनं आणि किती माझी जागा जाईल म्हणून, ते मला स्वच्छ सांगता येत नाही.

८ मे, गुरुवार

केरा कच्चं लायसन काढून आली. मला फोटो दाखवला. फोटोत डोळे मोठे करून बघतेय, कुणीतरी रागावल्यासारखी.

२५ मे, रविवार

मल्हार तिला कुंभारीकडच्या माळावर शिकवतो. आज मलाही गाडीत बसवून नेलं. पायात दवाखान्यानं दिलेला मऊ बूट.

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा बेडकासारखी उडाली. तिसऱ्यांदा मी ओरडणार होतो, तर मल्हारनं मागं वळून मला हातानं थांबवलं. चौथ्यांदा ती दोन्ही ओठ आत घेऊन बसली, डोळे समोर, आणि पाय इतका सावकाश सोडला की गाडी कधी चालायला लागली ते मला कळलं नाही. माळावरचं बाभळीचं झाड हळूच मागं सरकायला लागलं, तेव्हा कळलं.

सव्वीस वर्षांत मी हे हजारो वेळा केलं असेल. बघितलं आज.

१३ जून, शुक्रवार

केरा पास झाली. चाचणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, गाडी कुणी शिकवली? ती म्हणली, मल्हारनं. मला वाईट वाटलं नाही. आधी वाटलं असतं.

जखम करंगळीच्या नखाएवढी उरलीय.

१७ जून, मंगळवार

पहिली खेप. जेऊर. माल एक टन, शेठनी मुद्दाम कमी भरला. शेठ स्वतः गेटपर्यंत आले, केराला काही बोलले नाहीत, मला म्हणले, "सावकाश या." केरा म्हणली, "व्हय शेठ." गाडी तीच चालवणार होती.

मी शेजारच्या सीटवर. या बाजूनं मी माझ्या गाडीतून लांबचा रस्ता कधी बघितलाच नव्हता. रस्त्याकडेची झाडं जवळून जातात. मोहोळच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या थांबवल्या होत्या. निघायची वेळ आली तेव्हा पुढं चढ, मागं खडीचा ट्रेलर चिकटून उभा. माझी दोन्ही हातांची बोटं सीटमध्ये रुतली. केरानं हँडब्रेक धरला, रेस दिली, क्लच सोडत आणला, क्षणभर सगळी गाडी श्वास धरल्यासारखी थांबली, आणि मग निघाली. इंचभरही मागं आली नाही.

पुढं गेल्यावर मी विचारलं, "केरा, पायाला काय लागतं गं तवा?"

"कवा?"

"क्लच सोडताना. धरतो तवा."

तिनं मागून आलेल्या ट्रकला वाट दिली. मला वाटलं ऐकलं नसेल.

"आदी कायच न्हाय," ती म्हणली. "पेडल मोकळं. मग तळव्याला बारीक थरथर लागती. मेंढरू पयल्यांदा हाताखाली घेतलं की कसं अंग चोरतं, तसं. तितंच जरा थांबायचं. मग ते अंग टाकतं. समदी गाडी यिऊन पायावर हुबी राहती. मग आपुन पाय काढून घ्यायचा."

मी खणातून वही काढली आणि चालत्या गाडीत लिहून घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण शब्द तिचेच आहेत. हे सगळं माझ्या तळव्याखाली सव्वीस वर्षं रोज येत होतं. शेवटचं कधी आलं, कोणत्या गावात, कोणत्या गिअरला, मला आठवत नाही. आलं तेव्हा मी दुसराच काही विचार करत असणार.

"परत सांग," मी म्हणलं.

"गाडी चालवू का बोलू?"

तरी तिनं सांगितलं. जेऊरपर्यंत गाडी सात वेळा थांबली. टेंभुर्णीच्या चौकात, डिझेलला, एका शेळ्यांच्या कळपासाठी, फाटकाला. दर वेळी निघाल्यावर मी तिच्याकडं बघायचो आणि ती सांगायची. कधी म्हणली गार पाण्यात पाय घातल्यासारखं, कधी म्हणली कापडात सुई शिरती तेवढं बारीक. मी सगळं लिहिलं.

सातव्या वेळी, गावात शिरताना, ती समोर बघत म्हणली, "आता सांगन्यासारकं काय न्हाय. आता पाय आपला आपुनच करतोय."

मी म्हणलं, "तरी सांग."